ग्रॅमपासून टनापर्यंत : एनसीएलची पंचाहत्तर वर्षे

पुण्यातल्या पाषाण रस्त्यावरच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेला, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या एनसीएलला, ३ जानेवारी २०२५ रोजी पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली. मीरा-भाईंदरच्या लघुउद्योजकांच्या स्मरणिकेत तिचा इतिहास कशासाठी, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. अशा संस्थांचे इतिहास बहुधा संचालकांच्या तसबिरी, शोधनिबंधांचे आकडे आणि मानसन्मान यांतच संपतात, आणि गाळा चालवणाऱ्या माणसाला त्यातून हाती काही लागत नाही. म्हणून इथे मापच वेगळे घेतले आहे. चंबूत ग्रॅमभर जमलेला पदार्थ कारखान्यातून टनाने कधी निघाला, तो कोणी काढला आणि कुठे अडला, एवढ्याच मापाने ही पंचाहत्तर वर्षे पाहायची आहेत.

कोनशिला बसली ती स्वातंत्र्याच्या चार महिने आधी, ६ एप्रिल १९४७ रोजी, मुंबई प्रांताचे तेव्हाचे पंतप्रधान बाळासाहेब खेर यांच्या हस्ते. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद, म्हणजे सीएसआयआर, १९४२ पासून काम करत होती आणि तिचे संचालक शांतिस्वरूप भटनागर देशभर प्रयोगशाळांची साखळी उभी करण्याच्या खटपटीत होते. टाटांच्या विश्वस्त निधीतून पुण्याच्या प्रयोगशाळेला भरघोस देणगी मिळाली. ३ जानेवारी १९५० ला पंडित नेहरूंनी उद्घाटन केले, तेव्हा देश प्रजासत्ताक व्हायला अजून तेवीस दिवस होते.

पहिले दोन संचालक परदेशी. जेम्स मॅकबेन हे साबणाच्या द्रावणांवरील संशोधनासाठी नावाजलेले. त्यांच्यानंतर १९५२ मध्ये आलेले जॉर्ज फिंच मात्र आणखी एका कारणासाठी लक्षात राहावेत. १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेत ऑक्सिजनची नळकांडी पाठीवर घेऊन सुमारे २७,३०० फुटांपर्यंत चढलेले फिंच ते हेच. त्या मोहिमेसाठी त्यांनी हवाई फुग्यांच्या कापडात पक्ष्यांची मऊ पिसे भरून कोट शिवून घेतला होता. लोकरीचे कपडे घातलेल्या सोबत्यांनी आधी त्याची टिंगल केली, आणि वर गेल्यावर त्यांनाच त्याचा हेवा वाटू लागला. आज उंच डोंगरात जाणारे बहुतेक जण त्याच जातीचा कोट घालतात. प्रयोगशाळेच्या इतिहासाशी या कोटाचा संबंध नाही, हे मान्य. तरीही एका कामासाठी तयार झालेले कापड दुसऱ्या कामाला लावण्याची नजर असलेला माणूस पाच वर्षे पाषाणला बसला होता, ही गोष्ट मला सांगावीशी वाटते.

१९५७ मध्ये माटुंग्याच्या यूडीसीटीतून, म्हणजे मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागातून, के. वेंकटरामन आले. ते एनसीएलचे पहिले भारतीय संचालक आणि रंगद्रव्यांचे मोठे जाणकार. १९६६ मध्ये त्यांच्या जागी त्यांचेच शिष्य बा. द. टिळक आले. हे दोघेही मुंबईच्या कापडगिरण्या आणि रंगांचे कारखाने जवळून पाहिलेले, त्यामुळे कारखानदाराशी बोलायचे कसे हे त्यांना शिकवावे लागले नाही. काळही तसाच होता. परकीय चलनाची चणचण, आयातीवर परवाने, आणि परदेशातून येणारे प्रत्येक रसायन देशात कसे करता येईल याची घाई. प्रयोगशाळांचे शोध उद्योगांना देण्यासाठी सरकारने १९५३ मध्येच राष्ट्रीय संशोधन विकास निगम काढला होता. बडोद्याच्या डायमाइन्स अँड केमिकल्सने एनसीएलच्या पद्धतीने इथिलिन डायअमाइन काढायला घेतले, ते याच धोरणाचे फळ.

एवढे असूनही बऱ्याच पद्धती फायलीतच राहिल्या. याचा दोष सरसकट कारखानदारांना देण्याची आपल्याकडे रीत आहे, आणि ती मला पटत नाही. परदेशी कंपनी तंत्रज्ञान विकताना आपला चालू कारखाना दाखवायची, अमुक टन माल अमुक शुद्धतेचा निघेल अशी लेखी हमी द्यायची, आणि त्या हमीवर बँक कर्ज द्यायची. प्रयोगशाळेकडे दाखवायला अहवाल आणि बाटलीतला नमुना एवढेच असे. स्वतःचे घर गहाण टाकून कारखाना काढणाऱ्याने त्या बाटलीवर विश्वास ठेवला नाही, तर त्याला देशद्रोही ठरवणे सोपे होते, पण ते न्यायाचे नव्हते.

बाटली आणि टाकी यांच्यातली अडचण नेमकी कसली असते? एक लिटरच्या चंबूची हजार लिटरची टाकी केली की आतला माल हजारपट होतो, पण टाकीच्या भिंतीचे क्षेत्रफळ शंभरपटच वाढते. उष्णता बाहेर पडते ती भिंतीतून. म्हणजे दर लिटर मालामागे थंड करायला मिळणारी भिंत दहा पटींनी कमी झाली. बर्फाच्या पाण्यात ठेवलेल्या चंबूत निमूट चालणारी प्रक्रिया टाकीत तापायला लागते. तापली की वेग वाढतो, वेग वाढला की आणखी तापते. ढवळण्याचेही तसेच. पंख्याचा व्यास दुप्पट करून फेरे तेवढेच ठेवले, तर मोटारीवरचा भार बत्तीसपट होतो. कोणी तेवढी मोटार बसवत नाही, मग फेरे कमी करावे लागतात आणि कोपऱ्यातला माल मिसळायचा राहून जातो. शिवाय प्रयोगशाळेत रसायन येते ते शुद्ध, सीलबंद बाटलीत, आणि कारखान्यात येते ते पोत्यात, कधी लोखंडाचा अंश घेऊन तर कधी ओल घेऊन. म्हणून मध्ये पायलट प्लान्ट लागतो. तो फार मोठा नसतो, पण चुका स्वस्तात करायची सोय त्यात असते. १९७८ ते १९८९ या काळात संचालक असलेले एल. के. दोराईस्वामी स्वतः रासायनिक अभियंते. भट्टी, टाकी आणि पंप यांना संशोधनाइतकाच मान देणारा माणूस त्या खुर्चीत बसल्यावर संस्थेचा सूर बदलला, असे माझे मत आहे.

त्या बदललेल्या सुराचे सर्वांत चांगले उदाहरण म्हणजे एन्सिलाइट. त्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण प्रगत पदार्थ टनावर जातो म्हणजे काय होते, हे त्यात नीट दिसते.

पॉलिस्टरच्या कापडाचे मूळ पॅरा-झायलिन या रसायनात असते. खनिज तेलापासून झायलिन निघते तेव्हा त्यात ऑर्थो, मेटा आणि पॅरा असे तीन प्रकार मिसळलेले असतात. अणू तेच आणि तेवढेच, जागा तेवढी वेगळी. पॅराला पॉलिस्टरवाले गिऱ्हाईक, ऑर्थोला रंग आणि प्लॅस्टिकवाले. सगळ्यांत जास्त निघणाऱ्या मेटाला मात्र फारशी मागणी नाही. तेव्हा मेटाचे रूपांतर इतर दोघांत करायचे, आणि ते करणारा उत्प्रेरक, म्हणजे कॅटॅलिस्ट, परदेशातून आणायचा. बडोद्याच्या आयपीसीएलमध्ये, म्हणजे इंडियन पेट्रोकेमिकल्समध्ये, १९७३ पासून अरोमॅटिक्सचा कारखाना चालू होता आणि तिथे या उत्प्रेरकाची गरज रोजची होती.

अमेरिकेतल्या मोबिल कंपनीने झेडएसएम-५ नावाचा झिओलाइट आधीच काढलेला होता. झिओलाइट म्हणजे सिलिका आणि अॅल्युमिनाचा स्फटिक, ज्याच्या आत सारख्या मापाचे बोगदे असतात. याच्या बोगद्यांची रुंदी सुमारे अर्धा नॅनोमीटर. पॅरा-झायलिनचा सडपातळ रेणू त्यातून झटकन बाहेर पडतो, बाकीचे दोघे रेंगाळतात. पॉल रत्नसामी १९७९ मध्ये एनसीएलला आले आणि त्यांच्या गटाने याच कुळातला, पण स्वतःच्या पद्धतीने केलेला झिओलाइट तयार केला. तो एन्सिलाइट.

प्रयोगशाळेत तो करणे म्हणजे सोडियम सिलिकेट, अॅल्युमिनियमचे एखादे मीठ आणि एक सेंद्रिय अमोनियम संयुग पाण्यात मिसळून दाट जेल करायचे, बंद पोलादी भांड्यात पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या बरेच वर तापवायचे आणि थांबायचे. भांडे लहान असले की ते लवकर आणि सारखे तापते. मोठे ऑटोक्लेव्ह तापायला तासन् तास घेते, आणि त्या तासांत आत काय घडते यावर दाण्याचा आकार ठरतो. भाईंदर-उत्तनच्या मिठागरवाल्यांना हे वेगळे सांगायला नको : त्याच खाडीचे पाणी, पण ऊन आणि वारा बदलला की मिठाचा दाणा बदलतो. इथे मात्र दाणा बदलला की मालच वाया. थोडा वेळ कमी पडला तर जेल कच्चे राहते. जास्त ठेवले तर बोगदेवाला स्फटिक मोडून त्याची साधी, भरीव गारगोटी होऊ लागते.

तेवढ्याने काम संपत नाही. स्फटिक धुवायचे, त्यातले सोडियम काढून टाकायचे, बोगद्यांत अडकलेले सेंद्रिय संयुग पाचशे अंशांच्या आसपास भट्टीत जाळून काढायचे. चिमूटभर पूड बशीत पसरून भाजली तर काही बिघडत नाही. ट्रेमध्ये जाड थर लावला की आतल्या आत जळण्याची उष्णता साचते आणि स्फटिकाला इजा होते. शेवटी जी पूड मिळते ती तशीच रिअॅक्टरमध्ये भरता येत नाही, भरली तर वायू जाणारच नाही. म्हणून अॅल्युमिनाच्या बंधकात मळून, शेवेसारख्या बारीक कांड्या काढून, वाळवून पुन्हा भाजायच्या. उंच रिअॅक्टरमध्ये तळाच्या कांडीवर वरच्या सगळ्यांचा भार येतो. ती चुरली की दाब वाढतो आणि कारखाना बंद. बोगद्यांवर शोधनिबंध शेकड्यांनी आहेत, कांडी चुरू नये म्हणून काय केले ते फारसे कोणी लिहीत नाही. पण आयपीसीएलच्या पाळीवरच्या इंजिनिअरला चिंता त्या कांडीची.

इथे तिसरा भागीदार आला : एसीसी, म्हणजे असोसिएटेड सिमेंट कंपनीज. सिमेंट कंपनीचा याच्याशी काय संबंध, असे वाटेल. पण भट्टी आणि भुकटी ही सिमेंटवाल्यांची रोजची कामे, आणि एसीसीचे संशोधन केंद्र होते आपल्या ठाण्यात. एनसीएलने पदार्थ आणि पद्धत दिली, एसीसीने उत्प्रेरक मोठ्या प्रमाणावर करून देण्याची बाजू उचलली, आयपीसीएलने स्वतःचा चालता रिअॅक्टर दिला. १९८५ मध्ये हा उत्प्रेरक बडोद्याच्या कारखान्यात कामाला लागला. या पद्धतीचे नाव झायलोफायनिंग.

या तिघांत सर्वांत धाडसी कोण, असे विचारले तर मी आयपीसीएलचे नाव घेईन. चालू कारखान्यातला सिद्ध झालेला परदेशी उत्प्रेरक काढून देशी भरायचा, आणि तो फसला तर उत्पादन थांबल्याचा जाब आपण द्यायचा, हा निर्णय प्रयोगशाळेतल्या कुठल्याही शोधापेक्षा सोपा नव्हता. सार्वजनिक क्षेत्रावर एरवी आपण बरीच टीका करतो. हे श्रेय मात्र त्याला दिले पाहिजे.

त्याच घराण्याच्या झिओलाइटवर बेतलेली अल्बीन ही पद्धत १९८९ मध्ये विशाखापट्टणमच्या हिंदुस्तान पॉलिमर्समध्ये चालू झाली. स्टायरीन करण्यासाठी आधी इथाइल बेंझीन लागते. ते करायची रूढ रीत म्हणजे बेंझीन आणि इथिलिन यांची अॅल्युमिनियम क्लोराइडच्या साहाय्याने सांगड घालणे. जिथे पेट्रोलियमचे इथिलिन नाही तिथे आधी अल्कोहोलपासून इथिलिन करा, मग पुढचे. एनसीएलने मधली पायरी काढून अल्कोहोल थेट बेंझीनवर घातले. त्यातून पाण्याची वाफ निघते, आणि पाणी लागले की अॅल्युमिनियम क्लोराइड संपले. झिओलाइट मात्र वाफेत टिकतो. उसाच्या मळीपासून निघणाऱ्या अल्कोहोलचा असा उपयोग महाराष्ट्रात तरी सगळ्यांना कळेल. अर्थात अशा पद्धतीचे भवितव्य शेवटी मळीच्या आणि तेलाच्या भावावर अवलंबून असते, आणि ते दोन्ही कोणत्याच प्रयोगशाळेच्या हातात नसतात.

सगळेच असे जमले नाही. ऐंशीच्या दशकात ‘जलशक्ती’ नावाचा पदार्थ बराच गाजला. स्टार्चला कृत्रिम बहुवारिकाची, म्हणजे पॉलिमरची, जोड देऊन केलेला हा दाणा स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी पिऊन फुगतो. कोरडवाहू शेतात मुळाशी टाकला की पाणी धरून ठेवील, अशी कल्पना. तंत्रज्ञान उद्योगाकडे गेले, माल बाजारातही आला, पण शेतात रुजला नाही. शुद्ध पाण्यात तो जेवढा फुगतो तेवढा क्षारयुक्त जमिनीतल्या पाण्यात फुगत नाही, ही अशा सगळ्या पदार्थांची खोड आहे. त्यातून एकरी किती घालायचा, त्याचे किती रुपये, आणि एका पाण्याच्या पाळीची बचत किती रुपयांची, हे गणित शेतकरी बांधावर उभ्या उभ्या करतो. या मालात रसायनाचा भाग जमला होता. गिऱ्हाईक मात्र नीट ओळखले गेले नव्हते.

१९८९ मध्ये रघुनाथ माशेलकर संचालक झाले. गोव्यातल्या माशेलचा जन्म, गिरगावातले बालपण, यूडीसीटीतले शिक्षण, आणि १९७६ पासून एनसीएलमध्ये बहुवारिक अभियांत्रिकीचे काम. त्यांच्या काळात पॉलिकार्बोनेट या मजबूत, पारदर्शक प्लॅस्टिकची साखळी घन अवस्थेतच, म्हणजे न वितळवता, लांब करण्याच्या पद्धतीवर संस्थेने अमेरिकन पेटंटे घेतली. रूढ रीतीला विषारी फॉस्जीन वायू लागतो, या वाटेने तो टाळता येतो. पॉलिकार्बोनेटच्या धंद्यातली बलाढ्य जनरल इलेक्ट्रिक कंपनी त्यामुळे स्वतःहून पुण्याला आली आणि संशोधनाचे करार झाले. पुढे २००० मध्ये याच कंपनीने बंगळूरला आपले मोठे संशोधन केंद्र काढले. आयात थांबवणे हे ज्या संस्थेचे काम होते, ती आता ज्ञान निर्यात करू लागली. याचा अभिमान वाटावाच. मात्र सुरुवातीला ठरवलेल्या मापाने पाहिले तर हा अध्याय पेटंटांचा आहे, टनांचा नाही.

त्यानंतरची वाटचाल थोडक्यात. २००२ मध्ये संचालक झालेले एस. शिवराम मूळचे आयपीसीएलमधून आलेले, त्यामुळे कारखाना त्यांना ठाऊक होता. त्यांच्या कारकिर्दीत २००७ मध्ये एनसीएलच्या आवारात व्हेंचर सेंटर सुरू झाले. नव्या उद्योजकाला जागा, उपकरणे आणि सल्ला देणारी ही संस्था आज देशात नावाजलेली आहे. पोकळ तंतूंच्या गाळणीवर संस्थेने केलेले काम पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रांत गेले. हे तंतू जीवाणूच नव्हे, विषाणूही अडवतात. आयपीसीएल मात्र राहिली नाही. २००२ मध्ये तिचे खासगीकरण झाले आणि २००७ मध्ये ती रिलायन्समध्ये विलीन झाली. २०२१ पासूनचे संचालक आशिष लेले हे एनसीएलचेच जुने संशोधक, पण मधली काही वर्षे रिलायन्समध्ये काम करून परतलेले. कारखान्यातून प्रयोगशाळेत येणारी अशी माणसे आणखी हवीत.

सध्याचे मोठे काम हायड्रोजनवर चालणाऱ्या इंधनघटाचे, म्हणजे फ्युएल सेलचे. ऑक्टोबर २०२० मध्ये एनसीएल, तमिळनाडूतील कारैकुडीची सीएसआयआरचीच विद्युतरसायन प्रयोगशाळा आणि पुण्याची केपीआयटी कंपनी यांनी दहा किलोवॉटचा घट मोटारीत बसवून चालवला. ऑगस्ट २०२२ मध्ये पुण्यात त्याच घराण्याच्या घटावर चालणारी बस सादर झाली. इथेही गोष्ट तीच. एका पेशीतून एक व्होल्टसुद्धा मिळत नाही, म्हणून अनेक पेशी एकीवर एक रचून एकामागोमाग जोडायच्या. सगळ्यांतून प्रवाह एकच जातो, त्यामुळे एक पेशी अशक्त निघाली की अख्खी रास लंगडते. पन्नास-शंभर पेशी एकसारख्या करणे हे प्रयोगशाळेत एक उत्तम पेशी करण्यापेक्षा फार अवघड आहे.

आपल्या सभासदांनी कान द्यावा तो इथे. या राशीत दोन पेशींच्या मध्ये धातूची पातळ तबकडी असते. गंज न लागणाऱ्या पोलादाचा कागदासारखा पत्रा प्रेसवर दाबून त्यात वायू वाहण्यासाठी बारीक पन्हळी उठवायच्या, पत्रा फाटता कामा नये, वाकता कामा नये, आणि पहिला नग व दहा हजारावा नग सारखाच हवा. स्टेनलेसचा पत्रा, डाय, प्रेस आणि अॅनिलिंग यांत ज्यांची हयात गेली अशी माणसे भाईंदर पूर्वेला जितकी भेटतील तितकी राज्यात थोड्याच ठिकाणी. स्टेनलेसच्या भांड्याची अचूकता आणि या तबकडीची अचूकता यांत मोठे अंतर आहे, हे खरे. मोजमापाची साधने नवी लागतील, लेप देण्याचे तंत्र शिकावे लागेल. पण एन्सिलाइटच्या वेळी सिमेंटवाल्यांनी उत्प्रेरक केलाच होता. शोध लावणारा आणि गिऱ्हाईक दोघेही हजर असतात, मधला करून देणारा मिळत नाही, म्हणून चांगले पदार्थ अडतात. पंचाहत्तर वर्षांच्या या इतिहासातून मला एवढेच ठामपणे सांगता येते.

तेव्हा सभासदांना विनंती अशी की पुढच्या वर्षीच्या सहली ठरवताना एक पाषाणची ठरवावी. पत्र आधी पाठवावे, व्हेंचर सेंटरला वेळ मागावी, आणि जाताना कंपनीची माहितीपत्रके नेण्याऐवजी आपल्या प्रेसवर निघालेला सर्वांत पातळ पत्र्याचा नग आणि न सुटलेली एखादी अडचण बरोबर न्यावी.